वेदनेचे जाळे

व्याख्या : प्रत्यक्ष वा संभाव्य ऊतिहानीशी निगडित, अथवा तिच्यासारखाच भासणारा, अप्रिय असा संवेदनात्मक व भावनिक अनुभव म्हणजे वेदना (आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघ, १९७९, सुधारणा २०२०). इजेची केवळ वर्दी, म्हणजे क्षतिसंवेदन, हा निराळा मामला होय.

वर्दी : नागपूरच्या सक्करदरा चौकात दुचाकीवरून पडलेल्या मनुष्यास नजीकच्या ‘मेडिकल’मध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या (स्थापना १९४७) रुग्णालयात, नेण्याच्या पुष्कळ आधी गुडघ्याची तीक्ष्ण कळ सेकंदाला सुमारे ५ ते ३० मीटर वेगाने, आणि मागाहूनचा ठणका ०.५ ते २ मीटर वेगाने, मज्जारज्जूकडे निघालेला असतो.

मेंदूतील वाटणी : वेदनेची एकच अशी कचेरी मेंदूत नाही. थॅलॅमसमधून संदेशाची रवानगी झाल्यावर स्थान व तीव्रता यांची नोंद मुख्यतः शरीरसंवेदी बाह्यक घेते, तर तिचा नकोसेपणा अग्र सिंग्युलेट बाह्यक आणि इन्सुला यांच्या परस्परसंबंधातून घडतो. म्हणूनच सिंग्युलेटवरील शस्त्रक्रियेनंतर काही रुग्ण, ‘दुखते, पण त्याचा जाच होत नाही,’ असे सांगतात.

वरून येणारा हुकूम : १९६५, मेल्झॅक व वॉल यांचा द्वारनियंत्रण सिद्धान्त : मज्जारज्जूतील जणू एक ‘द्वार’ वेदनेचा संदेश पुढे सोडते वा अडवते, आणि मेंदूकडून येणारे संदेशही त्यावर ताबा ठेवतात. १९६९, रेनॉल्ड्स यांनी मध्यमेंदूस विद्युत्-उद्दीपन देऊन उंदरांवर भुलीविना शस्त्रक्रिया केली.

जुनाट वेदना : तीन महिन्यांहून अधिक टिकणारी वा पुनःपुन्हा उद्भवणारी. पाठदुखी नव्यानेच जडलेल्या रुग्णांच्या २०१२ मधील अभ्यासात, ज्यांची वेदना पुढे टिकून राहिली त्यांच्या मेंदूत मध्य पूर्वललाट बाह्यक व न्यूक्लियस ॲक्युम्बन्स यांचा क्रियात्मक संबंध आरंभापासूनच अधिक दृढ आढळला.