शेऱ्याच्या रकान्यातला आधार क्रमांक

लेखांक ६

कंपनीकडे कोणकोणती माहिती जमा होते याची यादी कशी करायची, हे आपण मागच्या लेखात पाहिलं. पण यादीत येते ती ठाऊक असलेली माहिती. ठाऊकच नसलेली शोधायची कशी, हा आजचा विषय, आणि माझ्या मते या लेखमालेतला सर्वांत निकडीचा.

रकान्यांची नावं वाचून हे काम होत नाही. ‘आधार क्रमांक’ नावाचा रकाना कुणालाही सापडतो, आणि तो सहसा सुरक्षितही ठेवलेला असतो. अडचण असते ‘रेफ २’, ‘इतर’, ‘शेरा’ या रकान्यांची. ग्राहकाचा फोन येतो, केवायसी अडलेली असते, फॉर्ममध्ये क्रमांक भरायला जागा नसते. कॉल सेंटरमधली कर्मचारी तो शेऱ्यात लिहून घेते आणि काम मार्गी लावते. हेतू चांगलाच असतो. पण तो क्रमांक त्यानंतर शेरे वाचणाऱ्या प्रत्येकाला वर्षानुवर्षं दिसत राहतो.

म्हणून शोध घेणारं सॉफ्टवेअर आतला मजकूर तपासतं. आधार १२ अंकी असतो आणि ० किंवा १ ने सुरू होत नाही. एवढ्यावर विसंबलं तर फसगत ठरलेली, कारण आधी ९१ लावलेला मोबाइल क्रमांकही १२ अंकी आणि यूपीआय व्यवहाराचा संदर्भ क्रमांकही १२ अंकीच. खरी ओळख पटते ती आधारच्या शेवटच्या अंकावरून. तो आधीच्या ११ अंकांवरून काढलेला असतो. डच गणिती याकोबस व्हेरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेली ही पद्धत एखादा अंक चुकला किंवा शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली तरी चूक पकडते. भलताच आकडाही या कसोटीला योगायोगानं उतरू शकतो, पण दहात एखादाच. त्यामुळे एकट्या क्रमांकावरून निकाल देऊ नये. रकान्यातले हजार क्रमांक तपासावेत. शंभरेक उतरले तर ते दुसरंच काही आहे. जवळजवळ सगळे उतरले तर तो आधारच, रकान्याचं नाव काहीही असो.

पॅन ओळखणं त्यामानानं सोपं. पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर ‘पी’ आणि पाचवं आडनावाचं आद्याक्षर.

शेऱ्याच्या रकान्यात मात्र हजारांचा हिशेब चालत नाही. तिथे क्रमांक वाक्यात विखुरलेले असतात, म्हणून आजूबाजूचे शब्दही बघावे लागतात. त्यात आपल्याकडे शेरे मराठीतही लिहिले जातात, कधी देवनागरी अंकांत, कधी चार-चार अंकांमध्ये जागा सोडून. फक्त इंग्रजी अंकांसाठी लिहिलेल्या नियमाला हे दिसतच नाहीत, आणि अहवाल येतो की काही सापडलं नाही. असा अहवाल मला सर्वांत धोक्याचा वाटतो.

डेटाबेसबाहेरच्या नोंदीही यातून सुटू नयेत. मे २०१८ मध्ये ट्विटरला आपल्या अंतर्गत लॉगमध्ये वापरकर्त्यांचे पासवर्ड जसेच्या तसे लिहिले गेल्याचं आढळलं आणि ३३ कोटींहून अधिक लोकांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला द्यावा लागला. असेच वाचता येण्याजोगे पासवर्ड फेसबुककडेही निघाले. त्याबद्दल आयर्लंडच्या नियामकानं सप्टेंबर २०२४ मध्ये मेटाला ९.१ कोटी युरोंचा दंड केला.

आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या कसुरीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. त्याच कायद्यानं आपली माहिती पुसून टाकायला सांगण्याचा हक्कही नागरिकाला दिला. ती कुठे कुठे पडली आहे हेच माहीत नसेल, तर ‘पुसली’ असं कंपनी कोणत्या तोंडानं सांगणार? चाचणीसाठी काढलेली प्रत, बदलीवर गेलेल्या अधिकाऱ्याची एक्सेल फाइल, जुना बॅकअप, सगळीकडे तोच क्रमांक असतो.

सापडल्यावर लगेच पुसायची घाई करू नये. तो तिथे कुणी आणि का लिहिला, हे आधी त्या विभागाला विचारावं. फॉर्ममध्ये योग्य जागा दिली नाही, तर साफ केलेला रकाना महिन्याभरात पुन्हा भरतो. ही जागा द्यायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार कंपनीत नेमका कुणाचा, ते पुढच्या आठवड्यात पाहू.