पडीक रानातले गोल्फ

गोल्फ म्हटले की गालिच्यासारखी हिरवळ डोळ्यांपुढे उभी राहते. आमच्या खेळाला ते भाग्य नाही. फोपनारच्या शिवारात एका डॉक्टर मित्राची पडीक जमीन आहे; हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी आम्ही चौघे तेथे खेळतो. सहा होल, भेगाळलेली काळी माती, बोरीची झुडपे, गोखरू आणि चरायला आलेल्या शेळ्या! होलभोवती हिरवळीऐवजी चाळलेली वाळू दाबून बसविली आहे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या वसाहतीतही अशाच वाळूच्या ‘ब्राउन’वर गोल्फ खेळले गेले आहे.

चेंडू जेथे पडला तेथूनच मारायचा, हा या खेळाचा मूळ नियम. शेळीच्या खुराच्या खळग्यात रुतलेला चेंडू मारताना तो फार जाचतो. म्हणून तासलेल्या पट्ट्यात चेंडू उचलून वीतभर बाजूला ठेवण्याची मुभा आम्ही घेतो. मात्र ते पहिल्या टोल्याआधी ठरवायचे. नंतर ठरविणे ही लबाडी होय.

दोन वर्षांपूर्वी माझा चेंडू उंदराच्या बिळात गेला. शेळ्या राखणाऱ्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाने कोपरापर्यंत हात घालून तो काढून दिला. मी त्याला दहा रुपये दिले आणि पुढचा टोला मारला. पुढच्या रविवारी त्याच बिळाच्या तोंडाशी घोणस ऊन खात पडली होती. जन्मभर मुलांवर उपचार करणारा मी. त्या सकाळी माझ्याने पुढे खेळवेना.

जेथे उंदीर, तेथे साप. सापाचे विष मुलाच्या शरीराचा आकार पाहून उतरत नाही. तेवढेच विष लहान देहात अधिक तीव्र ठरते. म्हणूनच प्रतिविषाची मात्रा मुलांनाही मोठ्यांइतकीच द्यावी लागते. दंश झाल्यास चिरा देऊ नये, आवळून बांधू नये. हात वा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवून, मुलाला चालू न देता थेट रुग्णालय गाठावे. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासे होते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतलेले रक्त वीस मिनिटांत गोठते की नाही, ही साधी चाचणी खेड्यातल्या दवाखान्यातही करता येते.

खेदाची गोष्ट अशी की, मुलाने हात घालण्याची गरजच नव्हती. प्राण्याच्या बिळात चेंडू गेल्यास दंड न लागता, होलच्या अधिक जवळ न जाता, बाजूला नवा चेंडू टाकता येतो. विषारी साप वा मधमाश्या जवळ असल्या तरी तीच सवलत आहे. चेंडू शोधण्याची मुदतही २०१९ पासून पाचाऐवजी तीनच मिनिटांची झाली. हे सारे मला ठाऊक होते. पण चेंडू नवा होता.

आता चौघांच्याही पिशवीत जुने चेंडू भरपूर असतात. तो मुलगा अजून येतो. चेंडू बिळाकडे घरंगळू लागला की दुरूनच ओरडतो, “डॉक्टरसाहेब, दुसरा टाका!”