भौतिकोपचाराचे शिक्षण : रुग्णापूर्वीचा सराव

भौतिकोपचार, म्हणजेच फिजिओथेरपी, ही हातांची विद्या आहे. आखडलेला खांदा किती हलवावा, अर्धांगवायू झालेल्या व्यक्तीला उठविताना आधार कोठे द्यावा, हे केवळ पुस्तकावरून समजत नाही. परंतु नवशिक्याचा हात चुकला, तर त्याची वेदना रुग्णाला सोसावी लागते. हे टाळण्यासाठी दोन पद्धती योजण्यात येतात.

पहिली पद्धत सहाध्यायी-शिक्षणाची. विद्यार्थी जोडीजोडीने परस्परांचे सांधे तपासतात. एक उपचार करतो, दुसरा रुग्ण होतो. दाब अधिक झाल्यास जोडीदार तत्काळ सांगतो. दुसऱ्याला समजावून देताना स्वतःचे ज्ञानही पक्के होते. मात्र सहाध्यायी निरोगी आणि परिचित असतो.

ही उणीव दुसऱ्या पद्धतीत भरून निघते. तीत प्रशिक्षित व्यक्ती रुग्णाची भूमिका करते. अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय शिक्षणात तिचा अवलंब केला. असा ‘रुग्ण’ नेमून दिलेल्या व्याधीची लक्षणे, भीती व संकोच दाखवितो आणि अखेरीस विद्यार्थ्याचे बोलणे व स्पर्श कसा वाटला, हेही सांगतो.

ऑस्ट्रेलियातील सहा विद्यापीठांच्या भौतिकोपचार विद्यार्थ्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. चार आठवड्यांच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणापैकी एक चतुर्थांश काळ अशा सरावास देण्यात आला. तरीही विद्यार्थ्यांचे कौशल्य उणे ठरले नाही. उर्वरित तीन चतुर्थांश काळ मात्र त्यांनी खऱ्या रुग्णांच्या सेवेतच घालविला, हे अशी योजना आखताना ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.