वेल्डरचं काय होणार?

मराठी विभागासाठी लेख दे, असं मॅडमनी सांगितलं तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाने माझे मार्क कायम खाल्लेत. तेव्हा मित्रांनो, चुका पोटात घाला. विषय मात्र माझ्या घरचा आहे.

पप्पांचं इंदापूर तालुक्यात फॅब्रिकेशनचं दुकान आहे. उसाच्या ट्रॉल्या, गेट, शेड अशी कामं. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्यापुढे फुशारकी मारली, "इस्रोने अख्खं इंजिन प्रिंट केलंय!" पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं हे इंजिन 9 मे 2024 रोजी 665 सेकंद चालवून पाहिलं गेलं. पूर्वी ते 14 भाग जोडून व्हायचं, आता एकच भाग. आधी एका इंजिनाला 565 किलो कच्चा माल लागायचा, तिथे 13.7 किलो धातूची पावडर पुरली. आणि वेल्डिंगचे 19 सांधे वाचले.

पप्पा त्या 19 वरच थांबले. "सांधे वाचले म्हणजे वेल्डर गेला की गं?"

मला उत्तर देता आलं नाही. होस्टेलवर परतल्यावर सबमिशन बाजूला ठेवून हेच वाचत बसले.

इंजिन प्रिंट करतात ते असं. रांगोळीसारखी बारीक धातूची पावडर पातळ पसरायची, हवा तेवढाच भाग लेझरने वितळवायचा, त्यावर पुन्हा पावडर. असे हजारो थर. रॉकेट इंजिनाच्या भिंतीत थंडाव्यासाठी वाकड्यातिकड्या वाटा ठेवाव्या लागतात. ड्रिल काही वळत नाही, लेझरला मात्र वळणाचं काहीच वाटत नाही. अडचण आहे ती आकाराची. अशा बहुतेक यंत्रांत दीड-दोन फुटांपलीकडची वस्तू मावत नाही.

आता आपल्या शेजारच्या वालचंदनगरला या. ज्या वालचंद हिराचंदांनी 1940 साली बंगळूरला विमानाचा कारखाना काढला, त्यांच्याच नावाचं हे गाव. (बारामतीच्या कितीतरी पोरांना हे गाव फक्त साखरेमुळे माहीत असतं. परवापर्यंत मीही त्यातलीच.) 14 जुलै 2023 ला चांद्रयान-3 घेऊन गेलेल्या रॉकेटच्या दोन्ही बाजूंना एस-200 बूस्टर होते. त्यांचे काही भाग वालचंदनगरच्या कारखान्यात तयार झाले. बूस्टरचा व्यास 3.2 मीटर, आत दोनशे टनांहून जास्त घन इंधन, आणि भिंत मात्र बोटाच्या जाडीपेक्षाही कमी! पोलाद मॅरेजिंग जातीचं, म्हणजे निकेल साधारण 18 टक्के आणि कार्बन जवळजवळ नाहीच. ते तुलनेने मऊ असतानाच वाकवायचं, वेल्ड करायचं आणि मग भट्टीत सुमारे 480 अंशांवर काही तास ठेवायचं. तिथे ते कडक होतं. वेल्डिंगमध्ये एक बुडबुडा राहिला तरी चालत नाही, म्हणून सांध्यांचा एक्स-रे काढतात. एवढी वस्तू पावडरच्या यंत्रात बसायची कशी?

मग मोठ्या वस्तूंसाठी दुसरा मार्ग सापडला, आणि तो वाचताना मी कॉटवरून उठून बसले. आयआयटी मुंबईत प्रा. के. पी. करुणाकरन यांच्या टीमने सीएनसी यंत्राला चक्क वेल्डिंगची टॉर्च जोडली. टॉर्च वितळलेल्या तारेचे थर एकावर एक चढवते, मग त्याच यंत्राचा कटर खडबडीत भाग कापून काढतो. त्याच आयआयटीत 2010 साली केंद्र सरकारचं विज्ञान खातं आणि बोइंग यांच्या साहाय्याने विमान-उत्पादनाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही सुरू झालं. टायटॅनियमसारखे हट्टी धातू कसे कापावेत, असले विषय तिथे हाताळतात.

रात्री पप्पांना फोन लावला. सगळं ऐकून म्हणाले, "यात नवीन काय? झिजलेला शाफ्ट आम्ही वेल्डिंगने भरतो आणि लेथवर टर्न करतो. पण एका बाजूने सारखं भरत गेलं की काम वाकतं. हे तुझ्या त्या यंत्राला कळतं का?"

खरं सांगू? या विषयातला एक मोठा प्रश्न हाच आहे. गरम थर थंड होताना आकसतो, खालच्या थराला ओढतो, आणि वस्तू वाकते किंवा तडकते. थर कोणत्या क्रमाने चढवायचे, मध्ये किती थांबायचं, यावर पेपरामागून पेपर निघतात. लॅबमधल्या साध्या प्लास्टिकच्या प्रिंटरवर माझं नोझलचं मॉडेल कोपऱ्यातून उचललं गेलं होतं, तेही आकसल्यामुळेच. मी मात्र प्रिंटरला शिव्या घालत होते.

पप्पांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की छोट्या, महागड्या भागांवरचे काही सांधे खरंच जाणार आणि ते काम करणाऱ्यांना नवीन शिकावं लागणार. ट्रॉली आणि गेट कोणी प्रिंट करत बसणार नाही, परवडणारच नाही. आणि धातू कुठे, कसा वाकतो हे ज्याला हाताने कळतं, त्याला विचारल्याशिवाय तारेच्या प्रिंटिंगवाल्यांचं भागेल असं मला वाटत नाही.

बी.ई.च्या प्रोजेक्टला हाच विषय घ्यायचं ठरलंय. एकाच मापाच्या पट्ट्यांवर वेगवेगळ्या क्रमाने वेल्डिंगचे थर द्यायचे आणि प्रत्येक पट्टी किती वाकली ते डायल गेजने मोजायचं. गाईड सरांनी होकार दिलाय. पप्पांनी पट्ट्याही कापून ठेवल्यात, फक्त गळीत हंगाम संपेपर्यंत थांब म्हणालेत. दुकानापुढे ट्रॉल्यांची रांग लागलीय.