निरीक्षणसेवा आणि डॅशबोर्ड : जोडणीतील अर्थसंकेतांचा विचार

संगणकीय ॲपची प्रकृती सतत तपासणारी निरीक्षणसेवा आणि त्या तपासणीचा निष्कर्ष डोळ्यांपुढे मांडणारा डॅशबोर्ड या दोन भिन्न वस्तू आहेत. त्यांची जोडणी हा सामान्यतः अभियंत्यांच्या कक्षेतील विषय मानला जातो. तथापि या जोडणीत तारांपेक्षा संकेतांचा भाग मोठा आहे. एका यंत्रणेने वस्तूला जे नाव दिले, ती ज्या एककात मोजली, ज्या घटकेस नोंदली आणि जिच्याविषयी मौन पाळले, ते सर्व दुसऱ्या यंत्रणेने त्याच अर्थाने वाचले, तरच जोडणी झाली असे म्हणता येते. हा संकेतव्यवहार कोठे टिकतो व कोठे तुटतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत टिपणाचा उद्देश आहे. विवेचनाच्या सोयीसाठी अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्याचे पर्जन्यमान आणि तेथील पीकनोंदणी हे दोन दृष्टान्त घेतले आहेत.

१. संज्ञांचा उगम

‘मॉनिटर’ या शब्दाच्या मुळाशी ‘सावध करणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे. म्हणजेच केवळ पाहणे एवढाच या शब्दाचा मूळ आशय नाही. पाहून इशारा देणे हा आहे. ‘डॅशबोर्ड’ हा शब्द घोडागाडीच्या काळातला. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे बसविलेली फळी, हा त्याचा पहिला अर्थ. मोटारगाडी आली, घोडा गेला, फळी राहिली आणि तिच्यावर वेग व इंधन दाखविणारे काटे बसले. जी वस्तू झाकण्यासाठी होती तिला दाखविण्याचे काम मिळाले. अर्थपरिवर्तनाचे हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण पुढे दिसेल त्याप्रमाणे आजचा डॅशबोर्डही प्रसंगी दाखवितो त्याहून अधिक झाकतो.

या दोहोंच्या मागे असलेली तात्त्विक कल्पना रुडॉल्फ कालमान यांनी १९६० च्या सुमारास नियंत्रणशास्त्रात मांडली. एखाद्या व्यूहाच्या बाहेर पडणाऱ्या खुणांवरून त्याची आतली स्थिती निश्चित करता येत असेल, तर तो व्यूह निरीक्षणक्षम होय, अशी ती कल्पना आहे. भाषेच्या अभ्यासकास ही भूमिका अपरिचित नाही. बोलणाऱ्याच्या मनातील व्यवस्था त्यालाही उच्चारांवरूनच उलगडावी लागते.

२. जोडणीची रचना

जोडणीचे टप्पे थोडक्यात असे. प्रथम ॲपच्या अंगी नोंद उत्सर्जित करण्याची सोय केलेली असते. किती विनंत्या आल्या, प्रत्येकीस किती वेळ लागला, किती फसल्या, याचा वृत्तान्त ते ॲप निरीक्षणसेवेकडे पाठविते. मायक्रोसॉफ्टची ॲप्लिकेशन इन्साइट्स ही अशा सेवांपैकी एक आहे. सेवा हा वृत्तान्त तक्त्यांत साठविते. साउंडक्लाउड या कंपनीत २०१२ साली सुरू झालेल्या प्रॉमिथियस या साधनाची रीत उलटी आहे. तेथे ॲप स्वतः काही पाठवीत नाही. प्रॉमिथियसच ठरावीक अंतराने त्याच्या दारी जाऊन आकडे उचलून आणतो.

यानंतर डॅशबोर्ड येतो. २०१४ साली सार्वजनिक झालेला ग्राफाना हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. ग्राफाना सामान्यतः मूळ आकडे स्वतःकडे साठवीत नाही. फलक उघडला किंवा ताजा केला की प्रत्येक वेळी तो मूळ सेवेस प्रश्न विचारतो आणि मिळालेले उत्तर रेखारूपाने काढतो. त्यामुळे त्याला तीन गोष्टी द्याव्या लागतात: सेवेचा पत्ता, स्वतःची ओळख आणि प्रश्नाची भाषा. ॲप्लिकेशन इन्साइट्सच्या बाबतीत ओळखीसाठी ग्राफानाच्या नावे स्वतंत्र नोंदणी करून त्याला ओळखक्रमांक व गुप्तशब्द दिला जातो आणि केवळ वाचनाचा अधिकार बहाल केला जातो. लिहिण्याचा अधिकार देण्याचे कारण नाही. फलक वाचणाऱ्याच्या हाती मूळ वही खोडण्याची लेखणी असू नये, हे तत्त्व येथे पाळावयाचे असते. प्रश्न कुस्तो या पृच्छाभाषेत लिहिला जातो. प्रॉमिथियसची पृच्छाभाषा निराळी आहे.

येथपर्यंतचे काम अर्ध्या दिवसात होते. खरी अडचण यापुढे सुरू होते, कारण प्रश्नाला उत्तर मिळणे आणि उत्तराचा अर्थ लागणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

३. नाव

प्रत्येक आकड्यासोबत काही नामपट्ट्या असतात. पर्जन्यमानाच्या बाबतीत जिल्हा, तालुका व महसूल मंडळ या त्या नामपट्ट्या होत. मनुष्य ‘टाकळी मानूर’ आणि ‘टाकळीमानूर’ ही एकाच गावाची नावे समजतो. यंत्राच्या लेखी मधल्या रिकाम्या जागेमुळे ती दोन गावे होतात आणि फलकावर दोन अपुऱ्या रेषा उमटतात.

याहून गंभीर प्रसंग नामांतराचा. अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ साली अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. जेथे जिल्ह्याचे नाव हीच ओळख मानली होती, तेथे जुनी रेषा त्या साली संपते आणि नवी रेषा जणू पूर्वेतिहासावाचून जन्मते. पाथर्डीतील पावसाची गेल्या दहा वर्षांशी तुलना करू पाहणाऱ्यास फलक नामांतरानंतरचाच इतिहास दाखवू शकेल. भूमी तीच, पाऊस तोच, खंड केवळ नावात पडला. यावर उपाय म्हणजे ओळखीसाठी न बदलणारा संकेतांक वापरणे आणि नाव केवळ वाचनासाठी ठेवणे. संगणकक्षेत्रातही हाच प्रसंग घडला आहे. निरीक्षणाची सामायिक शब्दावली ठरविण्यासाठी २०१९ साली दोन प्रकल्पांच्या विलीनीकरणातून ओपनटेलेमेट्री हा उपक्रम उभा राहिला. त्याने २०२३ साली वेब-विनंत्यांची परिभाषा स्थिर केली तेव्हा विनंतीचा प्रकार सांगणाऱ्या नामपट्टीचे नाव बदलले, आणि जुन्या नावावर विसंबणारे फलक दुरुस्त करावे लागले. परिभाषा स्थिर करण्यासाठीही एकदा ती मोडावी लागते, हे परिभाषाकोशांच्या संपादकांस ठाऊकच आहे.

४. एकक आणि नमुना

ॲप्लिकेशन इन्साइट्स विनंतीचा कालावधी मिलिसेकंदांत नोंदविते. प्रॉमिथियसच्या परंपरेत तो सेकंदांत असतो. फलकावर दोन्हींचे आकडे शेजारी मांडले आणि एककाचा उल्लेख राहिला, तर पाव सेकंदाची विनंती ‘२५०’ या आकड्याने चार मिनिटांहून अधिक रेंगाळल्यासारखी भासते.

नमुन्याचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. वृत्तान्त फार वाढला की निरीक्षणसेवा सर्व नोंदी न ठेवता काही निवडक नोंदी ठेवते आणि प्रत्येक नोंदीवर ती किती नोंदींची प्रतिनिधी आहे हे लिहून ठेवते. पाचांतील एक ठेवली असेल, तर दहा हजार विनंत्यांच्या जागी तक्त्यात सुमारे दोन हजार ओळी असतात. प्रश्नकर्त्याने ओळी मोजल्या तर उत्तर दोन हजार येते. प्रातिनिधिक संख्यांची बेरीज केली तर दहा हजारांच्या जवळ येते. दोन्ही प्रश्न व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहेत. चूक व्याकरणात नसून संकेताच्या अज्ञानात आहे.

५. दिवस म्हणजे काय

महाराष्ट्र शासनाच्या व्यवहारात ‘अतिवृष्टी’ हा शब्द निश्चितार्थक आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस नोंदला गेला म्हणजे अतिवृष्टी, आणि पंचनामे व मदत यांचा विचार या शब्दाला धरून होतो. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने पाथर्डी तालुक्यातील शेतीची मोठी हानी केली, तेव्हा या व्याख्येचे महत्त्व पुन्हा प्रत्ययास आले. परंतु हे चोवीस तास कोणते? हवामानखात्याच्या परंपरेत पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो व साडेआठलाच सुरू होतो. संगणकसेवा मात्र आपल्या नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत ठेवतात आणि त्या वेळेची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडची पहाटेची साडेपाच.

कल्पनेसाठी एक उदाहरण घ्यावे. करंजी मंडळात पहाटे चार ते सात या वेळात ७० मिलिमीटर पाऊस झाला. त्यातील ३० साडेपाचपूर्वी आणि ४० नंतर पडला. हवामानखात्याच्या दिवसाप्रमाणे ही एकाच दिवसातील ७० मिलिमीटरांची अतिवृष्टी होय. डॅशबोर्डने जागतिक प्रमाणवेळेचा दिवस धरून बेरीज केली, तर एका दिवशी ३० आणि दुसऱ्या दिवशी ४० अशी विभागणी होते आणि दोन्ही दिवस उंबरठ्याच्या आत राहतात. एकही आकडा खोटा नाही. तरी शेतकऱ्याच्या बांधावरची अतिवृष्टी फलकावरून नाहीशी झाली. जोडणी करताना दिवसाची सीमा स्पष्टपणे सांगणे हे म्हणूनच तांत्रिक औपचारिकतेहून मोठे कर्तव्य आहे.

६. सरासरीचा पडदा

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील पाथर्डी तालुक्यात पाऊस फार विषम पडतो. समजा, सहा मंडळांपैकी पाचांत प्रत्येकी १२ आणि सहाव्यात ९० मिलिमीटर पाऊस झाला. सरासरी २५ येते. तालुक्याच्या फलकावर ‘२५’ वाचणाऱ्याला सहाव्या मंडळातील वाहून गेलेली माती दिसत नाही.

ॲपच्या बाबतीतही असेच घडते. शंभर विनंत्यांपैकी ९५ प्रत्येकी ०.२ सेकंदात आणि पाच प्रत्येकी दहा सेकंदांत पूर्ण झाल्या, तर सरासरी ०.६९ सेकंद भरते. असा अनुभव मात्र शंभरांतील एकालाही आलेला नसतो. म्हणून सरासरीऐवजी शतमानांक मांडण्याची रीत पडली: पन्नासावा शतमानांक येथे ०.२ सेकंद दाखवील आणि नव्याण्णवावा दहा सेकंद. येथेही सावधगिरी हवी. निरनिराळ्या सर्व्हरांचे शतमानांक काढून त्यांची पुन्हा सरासरी काढणे निरर्थक असते. प्रथम मूळ वाटणी एकत्र करावी आणि मग एकच शतमानांक काढावा.

७. शून्य आणि मौन

भाषाशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे. पाणिनीने ‘लोप’ ही संज्ञा अदर्शनास दिली. जे असावयास हवे ते न दिसणे, असा तिचा भाव. मराठीत ‘दगड पडला’ व ‘दगड पडले’ या वाक्यांत नामाचे रूप सारखेच राहते, तरी दुसऱ्या वाक्यात अनेकवचनाचा शून्य प्रत्यय मानावा लागतो. हे शून्य अर्थवाहक आहे, कारण ते व्यवस्थेच्या आतले आहे. बोलणारा बोललाच नाही, तर त्या मौनाला प्रत्यय म्हणता येत नाही.

पर्जन्यमापकाने ‘०’ नोंदविणे आणि पर्जन्यमापक बंद असणे यांत हाच भेद आहे. २०१७ साली सुरू झालेल्या महावेध प्रकल्पाने महाराष्ट्रात मंडळपातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामानकेंद्रे उभी केली. अशा एखाद्या केंद्राचा संपर्क वादळी रात्री तुटला आणि फलकाने रिकाम्या जागी शून्य भरले, तर सर्वाधिक पावसाची रात्र कोरडी ठरेल. रिकामी जागा दोन्ही बाजूंच्या बिंदूंना जोडून झाकली, तर न मोजलेला पाऊस मोजल्यासारखा दिसेल. दोन्ही सोयी ग्राफानासारख्या साधनांत एका खुणेसरशी मिळतात. म्हणूनच त्या विचारपूर्वक वापराव्या लागतात.

पीकनोंदणीत हा भेद अधिक तीव्र होतो. ई-पीक पाहणीचा कार्यक्रम २०२१ च्या खरीप हंगामापासून राज्यभर सुरू झाला. शेतकऱ्याने शेतात उभे राहून मोबाइलवरून पिकाचे छायाचित्र व नोंद ठरावीक मुदतीत पाठवावी, अशी त्याची पद्धत आहे. दिवाळीच्या सुमारास पाथर्डीतील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेरगावी जातात. निघण्यापूर्वीच्या थोड्या दिवसांत नोंद झाली नाही, तर पुन्हा शेतात उभे राहण्याची संधी सहज मिळत नाही. अशा ॲपची विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नाही, तर सर्व्हरवरील निरीक्षणसेवेस ती फसलेलीही दिसत नाही. फलकावर चुकांचे प्रमाण शून्य, सर्व दिवे हिरवे. आणि सातबाऱ्यावर पिकाचा रकाना रिकामा. ‘नोंद नाही’ या मौनाचे वाचन ‘पीक नाही’ असे होते.

यावरचा उपाय यंत्रानेच शिकविला आहे. प्रॉमिथियस प्रत्येक फेरीत एक वेगळी नोंद स्वतः करतो: ज्याच्याकडे गेलो तो भेटला तर १, न भेटला तर ०. म्हणजे आशयाच्या आकड्याबरोबर ‘बोलणारा जागा आहे काय’ याचाही आकडा ठेवला जातो. नोंदच न येणे ही घटना इशाऱ्यास पात्र मानण्याची सोयही या साधनांत आहे. ग्राफानाच्या गुप्तशब्दाची मुदत संपली तरी फलक असाच रिकामा होतो. ते मौन ॲपचे की वाचकाचे, हे सांगणारी खूणही फलकावर हवी. ॲप शेतकऱ्याच्या हातातील मोबाइलवर चालत असेल, तर न पोहोचलेल्या विनंत्यांची मोजणी मोबाइलवरच करून संपर्क येताच ती पाठविणे हाच मार्ग उरतो.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, निरीक्षणसेवा व डॅशबोर्ड यांच्या जोडणीत पाच करार अध्याहृत असतात: नावाचा, एककाचा, काळाचा, संकलनाचा आणि मौनाचा. पत्ता व गुप्तशब्द चुकला तर यंत्र तत्काळ तक्रार करते. हे पाच करार मोडले तर मात्र तक्रार होत नाही. फलक सुबक रेषा काढीतच राहतो. म्हणून प्रत्येक फलकाच्या तळाशी आकड्याचे एकक, दिवसाची सीमा, संकलनाची रीत आणि रिकाम्या जागेचा अर्थ या चार ओळी मराठीत लिहिलेल्या असाव्यात, आणि ओळखीचा संकेतांक नावाशेजारी दिलेला असावा. तालुक्याच्या कचेरीत फलक वाचणारा लिपिक आणि मंडळाच्या गावी बसलेला शेतकरी या दोघांनाही त्या ओळी वाचता आल्या, म्हणजे आकड्यावर हरकत घेण्याचा अधिकार प्रत्यक्षात येईल. परिभाषा घडविणाऱ्या मराठीच्या अभ्यासकांना येथे करण्यासारखे पुष्कळ काम आहे.