मासिक पाळी : लपविण्याचा नव्हे, समजून घेण्याचा विषय

स्मरणिका हाती आली की आपण प्रथम शिक्षण, नोकरी, राखीव जागा, धम्म या विषयांवरचे लेख चाळतो. ते योग्यच आहे. परंतु समाजाचे कल्याण म्हणजे समाजाच्या अर्ध्या भागाच्या शरीराचे कल्याणही होय, आणि त्याविषयी आपल्या घरात, सभेत किंवा विहारात क्वचितच शब्द निघतो. म्हणून या वर्षी आम्ही मासिक पाळी हा विषय घेतला आहे. वाचकांनी, विशेषतः पुरुष वाचकांनी आणि विद्यार्थी बांधवांनी, संकोचाने पान उलटू नये ही विनंती.

आम्ही डॉक्टर नाही, बँकेत कारकुनी करणारे आहोत. परंतु या विषयाचा आणि बँकेच्या काउंटरचा संबंध नाही असे कोणी समजू नये. बचत गटाच्या भगिनी कर्जासाठी येतात. कारण विचारले की काहीजणी 'आजारपण' एवढेच सांगतात. थोडे आपुलकीने विचारले तर खालच्या आवाजात उत्तर येते, 'बाईचं दुखणं हाय, साहेब.' हे दुखणे बहुधा वर्षानुवर्षे अंगावर काढलेले असते. सुरुवातीला घरात कोणाला सांगितले असते तर साध्या औषधात भागले असते. सांगितले नाही, म्हणून आता कर्ज काढावे लागते. आमचे म्हणणे एवढेच आहे की, पाळीविषयीचे मौन ही मर्यादा नव्हे. तो एक आजार आहे आणि त्याची किंमत स्त्रिया आपल्या रक्ताने मोजतात.

शब्द अनेक, अर्थ एक

'कावळा शिवला', 'बाहेर बसली', 'दूर झाली', 'अडचण आली', 'डेट आली', 'प्रॉब्लेम आहे'. पाळीसाठी आपल्याकडे इतके शब्द आहेत, पण 'मला पाळी आली आहे' हे सरळ वाक्य उच्चारताना मुलीची मान खाली जाते. या सर्व शब्दांच्या मुळाशी एकच कल्पना आहे, ती म्हणजे विटाळ.

हा शब्द आपल्याला नवा आहे काय? याच शब्दाने आपल्या पूर्वजांना पाणवठ्यावरून दूर ठेवले होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि हजारो अनुयायांनी या कल्पनेला आव्हान दिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपण ती कल्पनाच मुळासकट टाकून दिली. तरीही आजही काही घरांत त्या चार दिवसांत लेकीला लोणच्याच्या बरणीला हात लावू दिला जात नाही, सुनेला वेगळे अंथरूण दिले जाते, 'आज वंदनेला बसू नकोस' असे आजी नातीला बजावते. जो विटाळ आपण गावाच्या वेशीवर नाकारला, तो स्वयंपाकघराच्या दारात कसा मान्य करायचा?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. शबरीमला प्रकरणात २८ सप्टेंबर २०१८ रोजी निकाल लागला. त्यात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात पाळीच्या कारणावरून स्त्रियांना दूर ठेवणे हाही अस्पृश्यतेचाच प्रकार असून तो संविधानाच्या कलम १७ च्या विरोधात जातो, असे मत नोंदविले. त्या प्रकरणातील काही व्यापक प्रश्न २०१९ साली मोठ्या खंडपीठाकडे सोपविण्यात आले, ही गोष्ट वेगळी. कलम १७ चा अर्थ आपल्याला कोणी शिकवायला नको. तो आपण जगलो आहोत.

विनयपिटकातील एक प्रसंग

काहींना वाटते की असल्या विषयाची चर्चा धार्मिक वातावरणात शोभत नाही. त्यांनी विनयपिटकातील चुल्लवग्ग पाहावा. पाळी आलेल्या भिक्खुणी ज्या आसनांवर बसत, ती डागाळत असत. ही गोष्ट तथागतांच्या कानावर गेली. त्यांनी भिक्खुणींना दूर बसा म्हटले नाही, अपवित्र म्हटले नाही. त्यांनी त्या दिवसांसाठी वेगळे वस्त्र वापरण्याची अनुज्ञा दिली. तेवढ्याने भागेना, तेव्हा आत घेण्यासाठी कापडाची घडी वापरण्यास सांगितले. ती जागेवर राहीना, तेव्हा ती दोऱ्याने आणि पुढे कमरेच्या पट्ट्याने बांधण्याची मुभा दिली. अडचण ऐकली आणि उपाय सांगितला, बस्स! संयुत्त निकायातही स्त्रीच्या वाट्याला येणाऱ्या पाच विशेष दुःखांत पाळीचा उल्लेख येतो. तो दुःख म्हणून येतो, पाप म्हणून नव्हे. एवढ्या प्राचीन काळी भिक्खुसंघात जे मोकळेपणाने बोलले गेले, ते आज आपल्याला घरात बोलता येऊ नये?

पाळी म्हणजे नेमके काय?

मुलगी साधारण दहा ते पंधरा वर्षांची झाली की मेंदूतील पिट्युटरी ग्रंथीच्या संदेशाने बीजकोश, म्हणजे ओव्हरी, काम करू लागतात. दर महिन्याला बहुधा एक बीज तयार होते. त्याच वेळी गर्भाशयाच्या आत रक्ताने समृद्ध असे मऊ अस्तर तयार होते. पुढे गर्भ राहिलाच तर त्याची ही गादी असते. गर्भ राहिला नाही, तर त्या अस्तराची गरज उरत नाही आणि ते रक्तासह योनिमार्गाने बाहेर पडते. हीच पाळी. हे रक्त 'घाण' नसते, शरीरात साचलेले विषही नसते. ज्या अस्तरावर आपण सर्वजण नऊ महिने वाढलो, तेच ते अस्तर.

प्रौढ स्त्रीमध्ये एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २१ ते ३५ दिवसांचे अंतर असू शकते. रक्तस्राव दोन ते सात दिवस चालतो. एका पाळीत सामान्यतः दोन-तीन मोठे चमचे रक्त जाते. ८० मिलिलिटरहून अधिक जात असेल तर ते जास्त समजतात. पहिली दोन-तीन वर्षे तारखा मागेपुढे होतात, त्याने घाबरून जाऊ नये.

आम्ही आकडेमोडीची माणसे, म्हणून एक हिशेब मांडतो. तेराव्या वर्षी पाळी सुरू होऊन पन्नासाव्या वर्षी थांबली, तर ३७ वर्षांत सुमारे ४४४ वेळा पाळी येते. प्रत्येक वेळी पाच दिवस धरले तर २,२२० दिवस होतात, म्हणजे सहा वर्षे! बाळंतपणाचा काळ वजा केला तरी आयुष्यातील काही वर्षे बाकी उरतातच. इतकी वर्षे माणसाला चोरासारखे वागायला लावणे कोणत्या न्यायात बसते?

स्वच्छता : साध्या पण महत्त्वाच्या गोष्टी

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते २४ वयोगटातील जवळजवळ निम्म्या मुली व स्त्रिया पाळीत कापड वापरतात. कापड वापरणे कमीपणाचे नाही. धोका असतो तो ते लपवून वाळविण्यात. चोळी-परकराखाली किंवा पलंगामागे वाळत घातलेले कापड दमट राहते, त्यात जंतू व बुरशी वाढते आणि खाज व जळजळ सुरू होते. सुती कापड साबणाने स्वच्छ धुऊन इतर कपड्यांसारखे भर उन्हात वाळवावे. उन्हासारखे फुकटचे औषध नाही; आड येते ती फक्त लाज.

पॅड असो वा कापड, चार ते सहा तासांनी बदलावे. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावे, संडासात टाकू नये. सरकारी जनऔषधी केंद्रांत २०१९ पासून 'सुविधा' पॅड एक रुपयास एक या दराने देण्यात आले. महिन्याला पंधरा धरले तरी वर्षाचा खर्च १८० रुपये होतो. मेन्स्ट्रुअल कप हा सिलिकॉनचा छोटा पेला असतो. तो नीट उकळून वापरला तर अनेक वर्षे टिकतो. दुकानदार पॅडचे पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून देतो. पिशवी नको असे त्याला हसत सांगावे.

त्या दिवसांत अंघोळ करावी, शाळेत जावे, झेपेल तसे खेळावे. पोटात दुखत असल्यास गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पुढीलपैकी काहीही असेल तर अंगावर काढू नये : पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नसल्यास; सात दिवसांहून अधिक रक्तस्राव होत असल्यास; तासा-दोन तासाला पॅड भिजत असल्यास किंवा मोठ्या गाठी पडत असल्यास; शाळा किंवा काम बुडावे इतके दुखत असल्यास; दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त जात असल्यास; दुर्गंधीयुक्त स्राव व खाज असल्यास. पाळी कायमची थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर एक आठवडाही वाट पाहू नये. ते कर्करोगाचे लक्षण असू शकते.

रक्तक्षयाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. वरील पाहणीतच देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय होय. धाप लागणे, चक्कर येणे, अभ्यासात लक्ष न लागणे यांना आपण 'आळस' म्हणतो; तो पुष्कळदा आळस नसून रक्ताची कमतरता असते. पालेभाज्या, कडधान्ये, गूळ, शेंगदाणे, मटण, मासे यांबरोबर लिंबू घेतल्यास लोह अधिक चांगले शोषले जाते. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ती मुलींनी टाकून देऊ नये.

विदर्भातील वाचकांसाठी एक सूचना. तेथे सिकलसेल हा आनुवंशिक आजार आपल्या समाजातही आढळतो. अशक्तपणाचे कारण केवळ पाळी नसून सिकलसेलही असू शकते. म्हणून रक्ताची तपासणी करून घ्यावी आणि या रुग्णांनी लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. विवाह जुळविताना पत्रिका पाहण्याऐवजी हा अहवाल पाहिला तर पुढच्या पिढीचे भले होईल.

मौनाची किंमत : बीडचे उदाहरण

ऊसतोडणीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, सहा महिने फडात राबायचे, कोपीत राहायचे. ना संडास, ना न्हाणीघर. एक दिवस काम चुकले तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. पाळीतल्या बाईने काय करावे? पोटात दुखणे, अंगावर पांढरे जाणे हे सहन करीत राहायचे आणि असह्य झाले की पिशवीच काढून टाकायची! २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीच्या चौकशीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. दर सहा स्त्रियांमागे एक! पुष्कळजणींनी तर चाळिशीही गाठलेली नव्हती. या भगिनींमध्ये दलित, भटके, अल्पभूधारक अशा सर्वच कष्टकरी समाजांच्या स्त्रिया आहेत.

गर्भाशय काढणे कधी कधी आवश्यक असते, हे मान्य. परंतु पांढरे जाणे किंवा अनियमित पाळी यांवर बहुतेक वेळा औषधे असतात. त्याबरोबर बीजकोशही काढले तर शरीरातील हार्मोन एकाएकी कमी होऊन हाडे ठिसूळ होतात. म्हणून कोणी 'पिशवी काढा' म्हटले की दुसऱ्या डॉक्टरांचे, शक्यतो सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांचे, मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

आपण काय करू शकतो?

आईने मुलीला पहिली पाळी येण्यापूर्वीच, नवव्या-दहाव्या वर्षी, सर्व समजावून सांगावे. अचानक रक्त पाहून घाबरलेली मुलगी ती भीती जन्मभर विसरत नाही. आई नसेल तर मावशीने, आत्याने, मोठ्या बहिणीने सांगावे. वडिलांनी किराणा सामानाच्या यादीत पॅड लिहावेत आणि स्वतः आणावेत. भावांनी चेष्टा करू नये, आणि दुसरा करीत असेल तर त्यालाही थांबवावे. शिक्षकांनी प्रजननसंस्थेचा धडा 'घरी वाचा' म्हणून सोडून देऊ नये. गावात आशाताई असतात. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' केंद्रे सुरू केलेली आहेत. तेथे विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

संस्थेनेही एवढे करावे : विहाराच्या व सभागृहाच्या स्वच्छतागृहात कडी, पाणी आणि झाकणाची कचरापेटी असावी. २८ मे हा २०१४ पासून मासिक पाळी स्वच्छता दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी महिला डॉक्टरांचे व्याख्यान व हिमोग्लोबिन तपासणी ठेवावी, आणि त्या व्याख्यानाला पुरुषांनाही बसवावे.

या कामाला मोठा निधी लागत नाही. 'ताई, तुला बरं वाटत नाही का? पाळी आहे का?' एवढे घरात सहज विचारता आले, आणि 'हो' हे उत्तर मान वर करून देता आले, तर अर्धे काम झाले असे समजावे. आमच्या वाचक भगिनींनी हा लेख वाचून स्मरणिका मिटवून ठेवू नये. घरातल्या मुलग्याच्या हातात द्यावी, हेच नम्र आवाहन.

जय भीम!