परशुरामाचा पत्ता कसा ओळखायचा?

प्राचीन इजिप्तच्या देवांचे जोड्या लावायचे पत्ते हल्ली मुलांसाठी मिळतात. कोल्हेतोंडी अनुबिस, ससाण्याच्या तोंडाचा होरस, मांजरमुखी बास्टेट. पत्ते पालथे मांडायचे, दोन उलटायचे, सारखे निघाले तर आपले. खेळ रंगतो, पण दोन हुबेहूब चित्रं जुळवायला इजिप्त माहीत असावा लागत नाही. अनुबिसची जोडी ममीशी लावायला सांगा, मग बघा मुलं कशी विचारात पडतात ते!

देव आणि त्याची खूण अशी सांगड सावंतवाडीच्या गंजिफा या पत्त्यांच्या खेळात पूर्वीपासून आहे. दशावतारी गंजिफाचे पत्ते गोल. अवतार दहा, प्रत्येकाचे बारा पत्ते, एकूण 120. बारांपैकी राजा आणि प्रधान हे दोनच चित्रांचे. बाकीच्या एक ते दहावर देव नाहीच, फक्त खुणा. मत्स्याचे मासे, कूर्माची कासवं, वामनाचे कमंडलू, परशुरामाचे परशू. सात परशू दिसले की ती परशुरामाची सत्ती. हे पोराला कुणी शिकवत बसत नाही. खूण ओळखली नाही तर हात जातो, एवढं पुरतं. शिवाय पाच अवतारांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का मोठा. खेळणारे तिघे, वाट्याला चाळीस-चाळीस पत्ते. दिवसा डाव रामापासून सुरू होतो, रात्री कृष्णापासून. लक्षात ठेवायला इतकं असताना पाठांतर वेगळं कशाला?

करायची रीतही बघण्यासारखी. जुन्या पद्धतीत कापडाला चिंचोक्याची खळ लावून थर चढवायचे, वर खडूचा लेप द्यायचा, घोटून गुळगुळीत करायचं, मग चितारी बारीक कुंचल्याने रंगवणार आणि शेवटी लाखेची चकाकी. छापील पत्ते आले तसं हे काम मागे पडलं. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वयोवृद्ध पुंडलिक चितारींकडून ही कला पुढच्या हातांत दिली. राजवाड्यात कारागीर बसू लागले. आज बहुतेक संच काचेच्या कपाटात जातात. कलेचं पोट त्यावर भरतं हे खरं, पण खेळायचे पत्ते नुसते बघायला ठेवणं मला पटत नाही.

इजिप्तचा धागा इथेही आहे. इस्तंबूलच्या टोपकापी राजवाड्यात ममलूक काळातल्या इजिप्तचे हाताने रंगवलेले पत्ते आहेत. मूळ संच 52 पत्त्यांचा. पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या अशा चार जाती. त्यांतल्या एकावर ‘कंजिफा’ हा शब्द आहे. आपल्याकडे बाबराने 1527 मध्ये सिंधला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पिरॅमिडवाल्यांचा या पत्त्यांशी संबंध नाही. मधे हजारो वर्षं गेली.

आमच्या दिंडोरीहून सावंतवाडी म्हणजे राज्याचं दुसरं टोक, आणि रंगवलेला संच शाळेच्या खर्चात बसायचा नाही. तेव्हा वहीच्या पुठ्ठ्याच्या वीस चकत्या कापाव्यात: दहांवर अवतार, दहांवर खुणा, चित्रं मुलांनीच काढायची. त्यात इजिप्तच्या दोन-चार जोड्या खुशाल मिसळाव्यात. नरसिंहाचं तोंड सिंहाचं आणि अंग माणसाचं, स्फिंक्सचं नेमकं उलट. या दोघांवरून वर्गात भांडण होणार हे नक्की.